पोचट हाताची घटपर्णी

माझा हात पोचट आहे, ही बातमी आसगावात माझ्याआधी पोचायची. मी बसमधून उतरून घरापर्यंत चालत जाईपर्यंत ओट्यावरच्या बायका आपापल्या भाजीच्या रोपांची डबडी माझ्या वाटेतून आत सरकवत. पोचट म्हणजे वरून टरफल छान पिवळे आणि आत दाणाच नाही असे धान. धानाच्या मुलखात याहून वाईट शिवी नाही. माणसाला चोर म्हणा, लबाड म्हणा, तो हसून घेईल. पोचट म्हटले की जेवता जेवता उठेल.

हे नाव मी स्वतःच्या कर्तबगारीने मिळवले होते. बाबा जवाहरनगरला फॅक्टरीत नोकरीला, म्हणून आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचो. पण आसगावला आमच्या वाट्याची थोडी धानाची शेती होती आणि ती मोठीमाय सांभाळायची. मोठीमाय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. उंच, काळी, तोंडात तंबाखूची चिमूट, आणि आवाज असा की एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली तर चौथ्या बांधीतले, चौथ्या शेततुकड्यातले, बैल थांबत. पावसाळ्याच्या तोंडावर पऱ्हे टाकतात, म्हणजे रोपांसाठी चिखल केलेल्या तुकड्यात मोड आलेले धान फेकतात, तेव्हा पहिली मूठ घरातल्या मुलीने टाकायची अशी आमच्या घरची रीत. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातून देव्हारा निघाला, पोथ्या निघाल्या, नवसाचे नारळ निघाले. मूठ तेवढी राहिली. ती कोणाच्या ध्यानात आली नाही, की मोठीमायने येऊ दिली नाही, हे मला आजवर कळलेले नाही.

मी बारा वर्षांची असताना ती मूठ माझ्याकडे आली. त्या लीलाला आज भेटले तर आधी तिच्या पाठीत एक धपाटा घालीन आणि मग जेवायला वाढीन. साधी गोष्ट होती. वाकायचे, हात सैल सोडायचा, धान पसरायचे. पण बघायला शेजारच्या बांधीतल्याही बायका आल्या होत्या ना! बाईसाहेबांनी डोळे मिटले, एका टाचेवर गिरकी घेतली आणि मूठ आभाळाकडे उधळली. काही धान परक्याच्या बांधीत, काही मोठीमायच्या केसांत, आणि जे उरले ते बिचारे लाजेकाजेने आमच्या चिखलात. मी स्वतः त्याच चिखलात बसकण मारलेली. दुपारी पाऊस असा कोसळला की मागून टाकलेले सगळे बियाणेही वाहून एका कोपऱ्यात ढीग झाले. पऱ्हे दुसऱ्यांदा टाकावे लागले, रोपांची रोवणी लांबली, आणि मोठीमायने ओट्यावर बसून निकाल दिला.

"पोट्टीचा हात पोचट हाये. पुढच्या साली मंदीले आणजा."

"हातात काही नसते, वहिनी," बाबा म्हणाले. "पाणी आलं, बियाणं वाहून गेलं. सायन्स हाये हे."

बाबांचा मला केवढा अभिमान वाटला! पण पुढच्या साली त्याच सायन्सवाल्या बाबांनी टोपली माझ्या धाकट्या बहिणीच्या, मंदाच्या, हातात दिली. देताना ते आभाळाकडे बघत होते. मीही बघितले. आभाळात काही नव्हते.

मंदाची मूठ भरगच्च उगवली, त्याच्या पुढच्या साली त्याहून भरगच्च. ती पोरगी झोपेत शिंकली असती तरी उगवले असते. चार वर्षे मी धुऱ्यावर चपला सांभाळत उभी राहिले. आता सांगायला हसू येते, पण त्या वयात मला दुसरे काही नको होते. नवीन फ्रॉक नको, सिनेमा नको, मला ती टोपली परत पाहिजे होती. सगळ्या गावासमोर.

आमच्या क्वार्टरला दोन खोल्या, मागे न्हाणीएवढे अंगण, आणि सकाळी फॅक्टरीचा भोंगा. त्या भोंग्यावर सगळी कॉलनी चालायची. पहिल्या भोंग्याला आई भाताचा गंज, म्हणजे पातेले, चढवायची, दुसऱ्या भोंग्याला बाबा डबा घेऊन सायकलवर टांग टाकायचे. डब्यात भात आणि लाखोरीची डाळ, कधी अंबाडीची भाजी. आसगावहून कोणी आले की सुकवलेले झिंगे यायचे आणि मग शेजारच्या तीन राज्यांच्या बायका नाकाला पदर लावून, तरी वाटी घेऊन, दारात उभ्या राहायच्या. कॉलनीत सगळ्या देशाची माणसे होती. आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, दवाखान्यातली सिस्टर राहायची. ती मेघालयातल्या गारो टेकड्यांकडची. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, हसली की डोळे नाहीसे होणारी. तिचे नाव आम्हाला येत होते, पण सगळी कॉलनी तिला सिस्टरच म्हणायची आणि तिची हिंदी आमच्या हिंदीपेक्षा बरी होती, म्हणजे विचार करा.

अकरावीत असताना वर्गात बाईंनी फळ्यावर एक झाड काढले. पानाच्या टोकाला लोंबणारा घडा, घड्यावर झाकण, आत पाणी. किडा काठावर येतो, घसरतो, आत पडतो आणि झाड त्याला पचवते. घटपर्णी. मी वेडी झाले. ज्या झाडाला मेथीसारखे मुकाट उगवायचे नाही, उलट जे दुसऱ्याला खाते, असले झाड आपल्याला शोभेल असे मला वाटले. संध्याकाळी नळावर, सगळ्या बायकांसमोर, मी जाहीर केले की मी हे झाड बियापासून उगवून दाखवणार.

"तू?" मंदा म्हणाली. "तुले तं मेथी नाई उगवत."

बायका अशा हसल्या की एकीची बादली वाहून गेली. तेवढ्यात मागून सिस्टरने विचारले, "कौन सा झाड़?" मी हाताने घडा करून दाखवला, बोटाचा किडा करून आत पाडला. सिस्टर शांतपणे म्हणाली, "वो तो हमारा घर का पीछे बाड़ में है। मेमांग-कोक्सी। भूत का टोकरी।"

"भूत?" आई म्हणाली आणि तिने मला मागे ओढले.

"कुछ नहीं करता, भाभी। बंद वाला टोकरी का पानी हम लोग छोटा में पीता था।"

नाताळच्या सुट्टीला सिस्टर गावी गेली आणि परत येताना माझ्यासाठी एक पुडी घेऊन आली. (आता ते झाड जंगलातून उचलणे गुन्हा आहे आणि व्हायलाच पाहिजे होता, सिस्टरचे बी तिच्या आईच्या कुंपणातले होते, एवढे सांगून ठेवते, नाहीतर माझी नात या वयात मला अटक करवायची.) पुडीत मूठभर सुके शेवाळ, त्यात कागदाची घडी, घडीत बी. बी कसले, केसांचे तुकडे! मधे एक फुगीर ठिपका आणि दोन्हीकडे बारीक शेपटी. सिस्टरने सांगितले, बी मातीखाली पुरायचे नाही, नुसते वर ठेवायचे. माती गरीब पाहिजे. पाणी आभाळाचे पाहिजे, जमिनीचे नको. "और इसको खाना मत देना, लीला। भूखा रहता है, इसलिए तो टोकरी बनाता है।"

मी मान डोलावत होते आणि एक शब्द ऐकत नव्हते. धानवाल्यांच्या पोरीला बियाण्यातले कोण शिकवणार? बियाणे आले की आमच्यात पहिले काम काय, तर मिठाचे पाणी. बादलीत मीठ विरघळवायचे, पाण्यात अंडे सोडायचे. अंडे वर येऊन नाण्याएवढे डोके दाखवू लागले की मीठ बरोबर. मग बियाणे ओतायचे. भरलेला दाणा बुडतो, पोचट वर तरंगतो. तरंगणारे काढून कोंबड्यांना टाकायचे. मोठीमाय हे करायची तेव्हा मी लहानपणापासून शेजारी बसून अंडे सांभाळायची. त्यामुळे मी आईच्या पातेल्यात मीठ घातले, अंड्याने होकार दिला, आणि मी मोठ्या ऐटीत पुडीतले अर्धे बी वाटीत ओतून वर ते पाणी घातले.

सगळे तरंगले. एकूण एक. चमच्याने दाबले, पुन्हा वर आले. बोटाने दाबले, बोटाला चिकटून वर आले. मी तास दीड तास वाट पाहिली. मग वाटी मोरीत ओतली, मिठाचे हात फ्रॉकला पुसले आणि जिना चढून सिस्टरच्या दारात उभी राहिले.

"सिस्टर, आपका बीज पोचट है।"

"पोचट क्या होता?"

"अंदर कुछ नहीं है। सब तैरता है।"

सिस्टरला हळूहळू कळत गेले. पाणी कळले, मीठ कळले, मोरी कळली. तिने विचारले, पुडीतले शेवाळ कुठे आहे, त्याच्यावरच तर बी पेरायचे होते. शेवाळ मी आदल्या दिवशीच कचरा म्हणून चुलीत घातले होते. सिस्टरने कठडा धरला. मला वाटले रडते आहे. ती हसत होती, आवाज न करता, खांदे गदगदा हलवत. मग डोळे पुसून म्हणाली, "अरे पागल, ये हवा का बीज है। पहाड़ पर उड़ के जाता है। हल्का नहीं होगा तो जाएगा कैसे?"

मी खाली आले. रडले नाही, कारण अजून अर्धे बी होते, आणि अर्धे बी असले की माणसाचा गर्व शाबूत असतो. या वेळी मिठाच्या पाण्याला मी हात लावला नाही. पण "खाना मत देना" हे काही माझ्या गळी उतरले नाही. आमच्या घरात पाहुणा आला, विकणारा आला, भांडायला आला तरी आधी ताट. जेवू न घालता कोणी वाढते का? मी आसगावच्या शेणखताची कुंडी भरली, बाबा वांग्यांना घालायचे त्यातला चिमूटभर युरिया टाकला, बी ठेवले, वरून पुन्हा थोडे शेणखत पांघरले, आणि ज्या नळाच्या पाण्याने घागरीला पांढरा थर येतो ते पाणी सकाळ-संध्याकाळ घातले.

नवव्या दिवशी हिरवे आले! मी मंदाला ओढून आणले, आईला आणले, शेजारणींना आणले. रोज पट्टीने मोजायची. तीन आठवडे मी त्या रोपाची अशी बडदास्त ठेवली की सख्ख्या लेकरांचीही नंतर ठेवली नाही. वर्गातल्या बाईंना सांगितले, नळावर सांगितले, आसगावला जाणाऱ्या माणसाबरोबर मोठीमायलाही निरोप धाडला की तुमच्या पोचट हाताच्या पोरीचे झाड वीतभर झाले. मग एके दिवशी आई तांदूळ निवडता निवडता उठली, कुंडीपाशी वाकली आणि तिने पान बोटात धरून उलटे केले.

"अवं लिले, हा तं सावा व."

सावा. धानात उगवणारे रानगवत. जे मी वयाच्या सहाव्या वर्षापासून निंदणीच्या वेळी उपटून धुऱ्यावर फेकत आले, ते गवत शेणखतातून आले होते आणि मी त्याला तीन आठवडे पट्टीने मोजत होते. खाली घटपर्णीचे बी कधीच कुजून गेले होते. आसगावला निरोप मात्र पोचला होता.

त्या दिवशी मी रडले. मोरीत बसून, नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. वर आवाज गेलाच. सिस्टर खाली आली, हात धरून मला वर घेऊन गेली आणि तिने तिचे प्रार्थनेचे पुस्तक उघडले. पानांच्या मधे एक छोटी घडी होती. मैत्रिणीला पाठवायला ठेवलेले बी.

"ये लास्ट है। और बूढ़ा हो रहा है। अब इसका अंडा से बात मत करवाना।"

चाळीसेक केस होते. मी ते मोजले आणि त्या संध्याकाळी, आयुष्यात पहिल्यांदा, काहीही केले नाही. बसून विचार केला. हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण माझ्या ओळखीच्या लोकांना ते खरे वाटणार नाही.

गरीब माती म्हणजे काय, हे सिस्टरला विचारले. शेवाळ नसेल तर नारळाचा काथ्या चालेल, म्हणाली, पण खूप धुतलेला. काथ्या आमच्या घरात एकाच ठिकाणी होता: बाबांच्या गादीत. बाबांनी मोठ्या कौतुकाने आणलेली काथ्याची गादी, तिच्यावर आम्हाला बसायचीही परवानगी नव्हती. मी कोपऱ्याची शिवण उसवली, दोन मुठी काथ्या काढला आणि शिवण परत घातली. घरात पांढरा दोरा संपला होता म्हणून पिवळ्याने. चोरी करावी तर अशी!

राहिले आभाळाचे पाणी. फेब्रुवारी उलटत आलेला, आभाळ कोरडे ठाक. मी स्वयंपाकघरात तोंड पाडून बसले होते आणि आईने गंजावरचे झाकण उचलले. भाताची वाफ उठली, झाकणाच्या आतून थेंब घरंगळले आणि चुलीवर पडून चर्र झाले. त्या चर्रने माझ्या डोक्यात काहीतरी पेटले. वाफ म्हणजे क्षार मागे टाकून वर गेलेले पाणी! बाईंनी वर्गात शिकवले होते, मी पाठ करून मार्कही मिळवले होते, आणि ते आमच्या घरात रोज दोन वेळा घडते हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. मी आईच्या हातातून झाकण हिसकले आणि वाटीत उपडे केले. चमचाभर पाणी. आभाळाइतकेच स्वच्छ.

"भाताची वाफ बी आता तुया झाडाले?" आई ओरडली. "काहून, आम्ही काय कोरडं खाव?"

पण दुसऱ्या दिवशी तिनेच झाकण उचलून वाटीवर तिरपे धरले. तिसऱ्या दिवशी शेजारणीही आपापल्या झाकणांचे पाणी आणून देऊ लागल्या. कोणाचे इडलीचे, कोणाचे नुसत्या चहाच्या आधणाचे. काथ्या मी नळाखाली दहा वेळा धुतला आणि अकराव्यांदा झाकणाच्या पाण्यात. लोणच्याची काचेची बरणी घासून तिच्यात तो भरला, त्यावर ते चाळीस केस श्वास रोखून ठेवले, तोंडाला प्लास्टिक बांधले आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, जिथे उजेड येतो आणि चुलीची ऊब पोचते. मी रोज उकरून पाहणार हे आईला माहीत होते. तिने मंदाच्या जुन्या पैंजणातली घुंगरे प्लास्टिकच्या दोरीला ओवली. मी बरणीला बोट लावले की छुन्न व्हायचे आणि बाहेरच्या खोलीतून तिघे एका सुरात ओरडायचे, "लिले!"

एका सकाळी बाबा गादीवर उठून बसले, खांदा चोळत म्हणाले, "इथं खड्डा कसा काय पडला?" त्यांनी कोपरा उचलला. पिवळी शिवण पाहिली. मग खिडकीतल्या बरणीकडे पाहिले. मी भिंतीला चिकटले.

"सायन्स?" त्यांनी विचारले.

"हो, बाबा."

ते उठून दाढी करायला गेले. गादी फिरवून खड्डा पायाकडे नेता आला असता. त्यांनी नेला नाही. पुढची कित्येक वर्षे बाबा त्या खड्ड्यावर खांदा टेकून झोपले, आणि त्यांनी तो तसाच का राहू दिला हे समजायला मला माझे स्वतःचे केस पिकावे लागले.

मार्च गेला. बरणीत काही नाही. मोहफुले पडू लागली, आसगावहून डबाभर आली. काही नाही. मंदा येता-जाता विचारायची, "सावा आला का?" मग एका दुपारी तिनेच बरणीला नाक लावले आणि म्हणाली, "लिले, तुया काथ्याले शेवाळ येऊन राहिलं."

मी पाहिले. शेवाळ नव्हते. एका केसाच्या मधल्या ठिपक्यातून दोन हिरव्या पापण्या उघडल्या होत्या, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढ्या. शेजारी आणखी एक. चार दिवसांत सात झाल्या. मी ओरडले नाही. सावा अंगात मुरला होता. मी सिस्टरला वरून आणले आणि बोटही न दाखवता उभी राहिले. सिस्टर बराच वेळ वाकून बघत राहिली. मग तिने माझा उजवा हात धरला, उलटा केला, तळवा पाहिला आणि म्हणाली, "ये तो मेरा माँ का हाथ है।"

माझी नात आता ही रोपे घरपोच मागवते. सोबत माती येते, खतबंदीची सूचना येते, आणि झाड मेले तर दुसरे पाठवण्याची हमी येते. मी म्हणते, चांगले आहे बाई. पण हमी असलेले झाड उगवून कोणाला दाखवणार?

पापण्यांच्या मागून जे तिसरे पान आले ते पान नव्हतेच, तो घडाच होता. तांदळाच्या कणीएवढा. सिस्टर "टोकरी! टोकरी!" म्हणून नाचली, तिच्या शेजारचे पंजाबी कुटुंब आग लागली समजून खाली आले. मग मे महिना आला. आमच्या जिल्ह्याचा मे; चिमण्या उडता उडता सावलीत बसतात. सातातली चार रोपे एका आठवड्यात काळी पडली. मी बरणी उचलून पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारी ओल्या रेतीत बसवली आणि तिच्यावर ओले फडके घातले. तीन तगली. त्या महिन्यात आमच्या घरी माठावर पाणी प्यायला जाणाऱ्या प्रत्येकाने आधी फडके ओले करायचे आणि मग पेला भरायचा, असा बाबांनी नियमच केला.

पऱ्ह्याच्या वेळी आम्ही आसगावला निघालो तेव्हा बरणी माझ्या मांडीवर होती. पवनीच्या बसमध्ये शेजारच्या काकांनी विचारले, "लोणचं हाये का, बाई?" मी म्हटले, "नाई जी. मांस खाणारं झाड हाये." ते काका पुढच्या थांब्यापर्यंत उभे राहून गेले.

ओट्यावर मोठीमाय वाट बघतच होती. सावाची गोष्ट तिला कळली होती. अशा गोष्टी बसपेक्षा लवकर पोचतात. शेजारच्या बायका आधीच जमल्या होत्या.

"आणला का वीतभर सावा?" ती म्हणाली.

मी बरणी तिच्यासमोर ठेवली. तिने डोळे बारीक केले. "काई नाई दिसत."

बाबांनी खिशातून भिंग काढले. घरून निघताना त्यांनी ते घेतले होते हे मला माहीतही नव्हते. मोठीमायने भिंग उलटे धरले, सुलटे धरले, बरणीत नाक घातले आणि गप्प झाली. एवढा वेळ ती झोपेतही गप्प राहात नसे.

"अवं माय," ती हळूच म्हणाली. "झाकन बी हाये व!"

मग झुंबड उडाली. प्रत्येकीला भिंगातून झाकण बघायचे होते. मोठीमायने खात्री करायला एक मुंगी पकडून आणली; मुंगी त्या भुताच्या टोपलीपेक्षा मोठी निघाली. ती टोपलीभोवती एक चक्कर मारून, अपमान झाल्यासारखी, निघून गेली. "जेवली असन सकाळीच," मोठीमाय म्हणाली. मग तिने तंबाखू थुंकली आणि माझी उलटतपासणी सुरू केली.

"कायच्यात उगवलं?"

"काथ्यात."

"खत?"

"नाई."

"पाणी कुठचं?"

"भाताच्या झाकणावरचं."

"नुसत्या वाफेवर?"

"नुसत्या वाफेवर."

मोठीमायने माझ्याकडे बघितले, मंदाकडे बघितले, आणि मग सगळ्या ओट्याला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणजे तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणाली, "ज्या हाताले नुसत्या वाफेवर उगवते, त्याले चिखल तं सोपाच व. उद्या मूठ लिलीची."

मंदाने तोंड वाकडे केले. मग म्हणाली, "घे बापा. पण एक टोपली मायी." तीनातले एक रोप मी तिला तिथल्या तिथे देऊन टाकले. त्या क्षणी तिने तिन्ही मागितली असती तरी दिली असती.

दुसऱ्या सकाळी मी चिखलात उतरले. मोड आलेल्या धानाची टोपली मोठीमायने माझ्या कमरेला टेकवली. धान ऊबदार होते. रात्रभर पोत्यात दाबून ठेवले की त्याला जनावराच्या अंगासारखी ऊब येते. सगळा धुरा भरला होता. माझ्या चपला मंदाच्या हातात होत्या. मी गिरकी घेतली नाही. वाकले, हात सैल सोडला आणि पाण्यावर थेंब पडावेत तसे धान पसरले. मोठीमाय मागून पुटपुटली, "केसं वाचले माये."

पाऊस आला, पण सभ्य माणसासारखा आला. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी कोणाला न सांगता शेतावर गेले. धुऱ्यावर कोणीतरी आधीच उभे होते. बाबा. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, हातात भिंग. हातात काही नसते म्हणणारा तो माणूस, चिखलात वाकून, भिंगातून, मोड मोजत होता.

मी शेजारी जाऊन उभी राहिले. साऱ्या तुकड्यावर हिरवी लव आली होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एकही टक्कल नाही.

"सायन्स?" मी विचारले.

"सायन्स," बाबा म्हणाले. मग भिंग पुसत म्हणाले, "पण मूठ चांगली टाकली तू."

तेव्हापासून आसगावची पहिली मूठ माझी. लग्न होऊन भंडाऱ्याला आले तरी माझी, मोठीमाय गेली तरी माझी. गावातल्या दुसऱ्या घरांतूनही आता बोलावणे येते, आणि मी भाव खाऊन जाते. सिस्टर निवृत्त होऊन तिच्या टेकड्यांकडे परतली. माझ्या गच्चीवर तिच्या भुतांच्या टोपल्या हातभर लांब लोंबतात आणि आगाऊ पोरांची बोटे खातात, असे मी सांगत असते. मूठ टाकण्याआधी मिठाचे पाणी मीच करते, अंडेही मीच सोडते. भरलेले धान तळाला जाते, पोचट वर येते. ते वरचे काढायला झारा हातात घेते खरी, पण फेकण्याआधी भिंग लावून एकदा नीट बघून घेते.